किनाऱ्यावरच्या फलकात ‘ओगल’ लिहावं की ‘स्टेअर’?

प्रश्न (मडगाव)
कळंगुटच्या किनाऱ्यासाठी फलकाचं इंग्रजी करायचं आहे. मराठी मजकूर: ‘महिलांकडे टक लावून पाहू नका.’ मसुद्यात ‘डू नॉट ओगल ॲट विमेन’ आहे. हे चालेल का?

उत्तर (फोंडा)
‘स्टेअर’ घ्या. टक लावणं म्हणजे नजर न हलवता बघणं. मग त्यामागे राग असो, कुतूहल असो की नुसती तंद्री. ‘ओगल’मध्ये मात्र वासना गृहीतच आहे. फलकावर ते लिहिलं की ‘माझ्या मनात तसं काही नव्हतं’ म्हणायला वाट मिळते. ‘स्टेअर’ला ती पळवाट नाही, आणि शब्दही बहुतेकांना ठाऊक असतो.

‘स्टेअर’नंतर ‘ॲट’ विसरू नका. मराठीत आपण कुणा‘कडे’ पाहतो, म्हणून ‘स्टेअर टू’ लिहिलं जातं, ते चूक. ‘ॲट’ गळतो तो ठरावीक प्रयोगांत: ‘स्टेअर समवन डाउन’ म्हणजे रोखून पाहत समोरच्याला नजर खाली घालायला लावणं.

उत्तर (म्हापसा)
सहमत. ‘ओगल’ वापरायचंच असेल तर ‘ॲट’शिवाय जास्त नेटकं: ‘ओगल विमेन’. उच्चारात सुरुवातीचा ‘ओ’ दीर्घ, ‘गो’मधल्यासारखा, ‘ऑगल’ नव्हे. ‘लीअर’ही याच कुळातलं, पण त्यात चेहऱ्यावरचं ओंगळ हसू आलं, आणि त्याला ‘ॲट’ लागतोच.

रंगवणाऱ्याकडे देण्याआधी स्पेलिंग तपासा. ‘आयएनजी’ जोडताना ‘स्टेअर’चा शेवटचा ‘ई’ जातो आणि ‘आर’ एकच राहतो. दोन ‘आर’ पडले की ‘स्टारिंग’ होतं, म्हणजे सिनेमात प्रमुख भूमिका करणं. ‘नो स्टारिंग’ असा फलक झाला तर सगळा हेतूच बुडाला.

उत्तर (पेडणे)
बाकीची क्रियापदं याच्यात मिसळू नयेत. शिगम्याचा चित्ररथ आ वासून पाहणारं पोर ‘गेप’ करतं. मांडवीवरचा सूर्यास्त डोळे भरून पाहणं म्हणजे ‘गेझ’. डोळे वटारणं ‘ग्लेअर’. पुलावर अपघात झाला की गाडीचा वेग कमी करून माना वळवतात, ते ‘गॉक’. त्यात मदतीचा विचार नसतो, नुसती बघ्यांची हाव असते, म्हणून शब्द निंदेचाच.

फलकावर एवढंच लिहा: ‘प्लीज डू नॉट स्टेअर ॲट विमेन’.