एलिझाबेथ श्वार्त्सकॉफ: आवाज ऐकायचा, पण सबब मान्य करायची का?

निषाद

जर्मन संगीतकार रिखार्ड श्ट्राउसची 'चार अखेरची गीतं' जर्मन ऑपेरा-गायिका एलिझाबेथ श्वार्त्सकॉफने १९६५ साली जॉर्ज सेलच्या वाद्यवृंद-संचालनाखाली ध्वनिमुद्रित केली. ती मी वरचेवर ऐकतो आणि ऐकत राहणार. आधीच सांगतो, म्हणजे हा धागा बहिष्कारासाठी आहे असं कुणाला वाटायला नको.

तिच्याबद्दल फारसं माहीत नसणाऱ्यांसाठी: जन्म १९१५, यारोचिन, हे गाव आज पोलंडमध्ये आहे. बर्लिनमध्ये शिक्षण. १९३८ मध्ये तिथल्याच डॉइचेस ओपर्नहाउस या ऑपेरागृहात पदार्पण, जर्मन संगीतकार वाग्नरच्या 'पार्सिफाल' ऑपेरातल्या फुलकन्यांपैकी एक म्हणून. १९४० मध्ये नाझी पक्षाचं सदस्यत्व. युद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या चौकशी-अर्जात तिने ते नाकारलं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला व्हिएन्नाचे इतिहासकार ऑलिव्हर राटकोल्ब यांनी या सदस्यत्वाचे कागद पुढे आणले, तेव्हा तिचा बचाव असा होता: काम मिळायला कामगार संघटनेचं सभासद व्हावं लागतं, तसंच ते होतं. पुचिनीच्या ऑपेरातल्या तोस्का या गायिकेचा 'मी कलेसाठी जगले' हा विलापही तिने स्वतःच्या बाजूने वापरला.

चोविसाव्या वर्षी केलेली सही मी समजू शकतो. चाळीस वर्षं नाकारणं मात्र मला पटत नाही. आणि तोस्काचा दाखला तर मुळीच नाही. तोस्का त्या विलापानंतर काही क्षणांतच जुलमी पोलीसप्रमुखाच्या छातीत सुरी खुपसते. कलेसाठी जगणारी ती बाई, वेळ आली तेव्हा नुसती गात बसली नाही.

वसुधा_मिरज

असहमत. तिच्या वडिलांचं तुम्ही लिहिलंच नाहीत. ते शाळेचे मुख्याध्यापक होते. १९३३ मध्ये त्यांनी शाळेत पक्षाची सभा घ्यायला परवानगी नाकारली, म्हणून त्यांना काढून टाकलं आणि पुढे शिक्षकाची नोकरीही मिळू दिली नाही. 'नाही' म्हटल्यावर घराचं काय होतं, हे त्या मुलीने सतराव्या वर्षी स्वतःच्या घरात पाहिलं. शिवाय ते ओपर्नहाउस थेट गोबेल्सच्या प्रचार मंत्रालयाच्या ताब्यात होतं. आज निवांत बसून तिला धैर्याचे धडे देणं सोपं आहे.

आणि नेहमी तीच का? वाद्यवृंद-संचालक कारायान यांचंही सदस्यत्व होतं. ते १९५५ पासून १९८९ पर्यंत बर्लिन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचे प्रमुख राहिले. त्यांच्या चरित्रात ही गोष्ट तळटीपेत जाते, बाईच्या बाबतीत मथळ्यात येते. हा दुजाभाव मला खटकतो.

म्युनिकवासी

वसुधाताई, वडिलांचा मुद्दा खरा आहे, कारायानचाही. पण त्याच ओपर्नहाउसची आणखी एक गायिका होती, हेन्रिएट्टे गॉटलिब. श्वार्त्सकॉफ यायच्या आधी, ते नगरपालिकेचं नाट्यगृह असताना, ती तिथे वर्षानुवर्षं गात होती. वाग्नरच्या ऑपेरांतली ब्रुनहिल्डं ही भूमिका तिने ध्वनिमुद्रिकेसाठी गायली होती. ती ज्यू होती. १९४१ मध्ये तिला पोलंडमधल्या वूच शहरातल्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत पाठवलं आणि १९४२च्या सुरुवातीला ती तिथेच मेली. बायरॉइटचा वाग्नर-महोत्सव गाजवलेल्या ओटिली मेट्झगर या गायिकेला आउश्वित्झमध्ये मारलं.

म्हणजे तरुण गायकांना ज्या जागा मिळत होत्या, त्यांतल्या कित्येक अशा माणसांना हाकलून रिकाम्या झालेल्या होत्या. 'कामासाठी सभासद झाले' हे वाक्य मला म्हणून गिळवत नाही. तसं म्हणताना निदान ज्यांचं काम गेलं त्यांची नावं घ्यायला हवी होती. तिने ती घेतलेली माझ्या वाचनात नाही.

वाद्यवृंद-संचालक एरिख क्लायबर ज्यू नव्हते, तरी त्यांनी १९३४ मध्ये बर्लिनचं पद सोडलं. दुसरे संचालक फ्रिट्झ बुश यांनीही जर्मनी सोडली. हे दोघे प्रस्थापित होते, त्यांना जगभरातून बोलावणी येणार होती. नवख्या मुलीला ती सोय नव्हती, हे मान्य करतो.

जयजयवंती

गाण्याबद्दल कुणी बोलणार आहे का? तिच्या पहिल्या शिक्षिकेने तिला खालच्या पट्टीतली गायिका ठरवून तसाच रियाज दिला होता. मारिया इव्होग्युन या दुसऱ्या शिक्षिकेकडे गेल्यावर आवाज वर मोकळा झाला. वाग्नरच्या 'ट्रिस्टान'च्या १९५२च्या मुद्रणात नायिका गाणाऱ्या किर्स्टन फ्लागस्टाडसाठी वरचे दोन सूर हिनेच लावलेत.

१९४६ मध्ये वॉल्टर लेग व्हिएन्नाला तिची चाचणी घ्यायला आले. ते ध्वनिमुद्रण कंपनीचे निर्माते, पुढे १९५३ मध्ये तिचे नवरे झाले. ह्युगो वोल्फचं एक छोटंसं गीत त्यांनी तिच्याकडून तासाहून जास्त वेळ घासून घेतलं. एकेक शब्द, एकेक स्वर. कारायान तिथे होते, ते वैतागून उठून गेले म्हणतात. तिची सगळी गायकी या घासण्यातून आली. तिच्या वोल्फच्या गीतांत प्रत्येक शब्दाला वेगळा रंग आहे. मोठा आवाज तिच्याकडे नव्हताच. श्ट्राउसच्या 'रोझेनकाव्हालियर' ऑपेरातली मार्शालिन, वय सरत चालल्याची जाणीव झालेली ती स्त्री, तिच्याइतकी बारीक विणलेली मी दुसरीकडे ऐकली नाही.

काहींना हेच कृत्रिम वाटतं. मला स्वतःला तिच्या मोझार्टमध्ये कधीकधी कष्ट ऐकू येतात, वोल्फमध्ये कधीच नाही.

वसुधा_मिरज

जयजयवंती, आभार. म्युनिकवासी, गॉटलिबचं मला माहीत नव्हतं, वाचून वाईट वाटलं. तरी एक विचारते. ज्या सेलची ध्वनिमुद्रिका निषाद ऐकतात, ते ज्यू घरातले. संचालक ओटो क्लेम्परर यांना १९३३ मध्ये जर्मनी सोडावी लागली, आणि १९६१ मध्ये ब्राम्सच्या 'जर्मन रेक्विएम'साठी त्यांनी हिलाच घेतलं. तिच्या 'रोझेनकाव्हालियर'चा चित्रपट काढणारे पॉल झिनर हेही निर्वासितच. ज्यांच्यावर बेतलं त्यांनी तिच्यासोबत काम केलं, मग आपण कोण?

निषाद

पण वसुधाताई, ती सगळी कामं कागद बाहेर येण्याआधीची. कुजबुज होती, म्हणूनच की काय, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ती १९६४ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा गायली. पण लोकांपुढे होता तो तिचा नकार. क्लेम्परर १९७३ मध्ये गेले, सेल त्याआधीच. त्यांनी माफ केलं असं म्हणायला तिने त्यांना खरं सांगितलेलं असायला हवं.

गिरगावकर

आपल्या मुंबईत जन्मलेल्या संचालक झुबिन मेहतांनी १९८१ मध्ये तेल अवीवला कार्यक्रमाच्या शेवटी हिटलरच्या आवडत्या वाग्नरचं संगीत वाजवायला घेतलं. नको असेल त्यांनी जावं, असं आधी सांगितलं. तरी छळछावणीतून वाचलेला, सभागृहातच काम करणारा एक माणूस पुढे आला आणि त्याने शर्ट वर करून अंगावरचे वण दाखवले. वाग्नर १८८३ मध्येच मेला होता, त्याने कुठल्या पक्षाच्या अर्जावर सही केली नव्हती. तरीही त्या माणसाला ते संगीत सोसवलं नाही, आणि त्याचा तो हक्क मी मानतो. श्वार्त्सकॉफने तर सही केली होती. ज्यांना तिला ऐकवत नाही त्यांना 'कलेत राजकारण आणू नका' असं सुनावू नये, एवढंच.

वसुधा_मिरज

त्यांना मी कधीच सुनावणार नाही. पण १९९२ मध्ये ब्रिटनने तिला 'डेम' किताब दिला, तोवर सदस्यत्वाचे कागद बाहेर आले होते. तो काही कुणाला फसवून मिळवलेला नाही. निषाद, चाळीस वर्षांच्या नकाराबद्दल तुमचं बरोबर आहे. सहीबद्दल मी माझं मत बदलत नाही.

म्युनिकवासी

सहीचं सोडा. पुढच्या वेळी 'चार अखेरची गीतं' ऐकाल तेव्हा गॉटलिबची ब्रुनहिल्डंही ऐका, १९३०च्या सुमाराची मुद्रणं आहेत. खरखर खूप आहे, पण आवाज पुरेसा कळतो.