कन्फॉर्मन्स : अनुरूप, बरहुकूम की आणखी काही?

सी या प्रोग्रामिंगच्या भाषेवरच्या एका पाठ्यपुस्तकाचा मराठी अनुवाद करते आहे. कंपायलर (लिहिलेल्या प्रोग्रामचं यंत्राला चालवता येईल असं रूपांतर करणारा प्रोग्राम), मॅक्रो, ॲरे हे शब्द तसेच ठेवले; ‘संकलक’ म्हटलं की कवितांचा संग्रह करणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. अडलंय ते ‘कन्फॉर्मन्स’पाशी. वाक्याचा आशय असा: कंपायलर बनवणारे आपला कंपायलर आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या मानकाला धरून असल्याचं सांगतात, तरी त्याच कंपायलरमध्ये मानकाबाहेरच्या सोयीही असतात. आधी ‘मानकाचे पालन’ लिहिलं. पण पालन करणाऱ्याने बाहेर पाऊल टाकलं की ते उल्लंघन वाटतं, आणि इथे उल्लंघन नाहीच. ‘सुसंगत’ हा शब्द कम्पॅटिबलसाठी आधीच वापरून बसले आहे. कंपायलर बनवणाऱ्यांसाठी मुळात ‘व्हेंडर’ आहे, त्याला ‘विक्रेता’ म्हणणंही पटत नाही; जीसीसी हा कंपायलर तर फुकट मिळतो.

बरहुकूम

‘मानकाबरहुकूम’ कसा वाटतो? मूळ फारसी, पण मराठीत इतका मुरलाय की नकाशाबरहुकूम बांधकाम, आज्ञेबरहुकूम कारवाई असं आपण सहज म्हणतो. वाचकाला थांबून अर्थ लावावा लागत नाही. ‘मानकानुरूपता’ हा शब्द तुम्ही एकदा मोठ्याने वाचून पाहा, विद्यार्थ्याची दया येईल. व्हेंडरसाठी सरळ ‘कंपायलरकर्ते’ लिहा.

बरहुकूम शब्द चांगला, पण इथे नको

नकाशाबरहुकूम घर म्हटलं की नकाशात नसलेली खिडकी ठेवून चालत नाही. सीच्या मानकात ती चालते. फक्त मानकातलंच वापरणाऱ्या काटेकोर प्रोग्रामचं वागणं बदलत नसेल तर कंपायलरला स्वतःच्या सोयी जोडायची मुभा खुद्द मानकच देतं. दुसरं म्हणजे, प्रोग्रामने व्याकरणाचा किंवा बंधनाचा भंग केला तर कंपायलरने निदान एक संदेश द्यावा, एवढीच मानकाची अट आहे. तो प्रोग्राम नाकारलाच पाहिजे असं नाही. इशारा देऊन कंपाइल करणारा कंपायलरही नियमात बसतो.

इंट या पूर्णांकाच्या प्रकाराचंच पाहा. २०२४ च्या आवृत्तीआधीच्या मानकांत, त्यात -३२७६७ ते ३२७६७ एवढ्या संख्या मावल्या पाहिजेत, ही किमान मर्यादा होती. म्हणून जुना १६ बिटांचा इंट आणि आजचा ३२ बिटांचा इंट, दोन्ही मानकात बसतात. आपण काय निवडलं ते कंपायलरकर्त्याने लिहून ठेवायचं. इथे हुकूम कमी आणि मुभा जास्त आहे. ‘अनुरूप’मध्ये ती मुभा मावते. वधूवर अनुरूप असतात म्हणजे ते एकमेकांच्या हुकमात असतात असं नव्हे.

बरहुकूम मात्र टाकून देऊ नका, त्याला नेमकी जागा आहे. मानकात प्रोग्रामसाठी दोन पायऱ्या आहेत. कुठल्या तरी एका अनुरूप कंपायलरने स्वीकारला तो ‘अनुरूप प्रोग्राम’, ही फारच सैल व्याख्या. फक्त मानकाने दिलेलंच वापरतो, आणि कंपायलरकर्त्याच्या मर्जीवर सोडलेल्या कशावरही ज्याचं उत्तर अवलंबून नसतं, तो वरच्या पायरीवरचा. त्याला ‘मानकाबरहुकूम प्रोग्राम’ म्हणा, अगदी चपखल बसेल.

हुकूम कोण कुणाला देतो?

‘बरहुकूम’बद्दल माझी शंका वेगळी आहे. सीवरून निघालेल्या सी प्लस प्लस भाषेच्या १९९८ च्या मानकात टेम्प्लेटसाठी (कुठल्याही प्रकाराच्या माहितीला चालेल असा कोडचा साचा) ‘एक्सपोर्ट’ची, म्हणजे साचा वेगळ्या फाइलीत ठेवण्याची तरतूद होती. एडिसन डिझाइन ग्रुप या कंपनीने ती खरोखर करून दाखवली, पण बाकीचे बडे कंपायलरकर्ते तिच्या वाटेला गेले नाहीत. २०११ च्या आवृत्तीत तरतूदच काढली. सीचंही तसंच. प्रोग्राम चालताना लांबी ठरणारे ॲरे (एकाच प्रकारच्या मूल्यांच्या रांगा) १९९९ च्या मानकात सक्तीचे होते, २०११ मध्ये ऐच्छिक झाले. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये सी११ ला (सीच्या २०११ च्या मानकाला) आधार जाहीर केला तो या ॲरेंशिवाय, आणि ते नियमाला धरूनच होतं. म्हणजे कंपायलर मानकाकडे सरकतो तसं मानकही कंपायलरकडे सरकतं. ‘अनुरूप’ला माझं मत त्यासाठीच.

‘प्रमाणित’ लिहू नका

यात एक धोका आहे म्हणून लिहितो. पुष्कळ अनुवादांत कन्फॉर्मिंगला ‘प्रमाणित’ केलेलं असतं. प्रमाणित म्हणजे कुणीतरी तपासून दाखला दिलेला. एडा या प्रोग्रामिंगच्या भाषेत ते खरं होतं: हे नाव १९८७ पर्यंत अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं व्यापारचिन्ह होतं, आणि कंपायलरला ठरलेला चाचणीसंच पार करावा लागे. सीच्या बाबतीत आयएसओ मानक प्रसिद्ध करते, कंपायलर तपासून दाखला देत नाही. कर्ता सांगतो तो ‘अनुरूपतेचा दावा’. आणि तो दावाही कंपायलर चालवताना दिलेल्या कुठल्या पर्यायासह, हे पाहावं लागतं. मानकाने मागितलेले सगळे इशारे जीसीसीकडून हवे असतील तर ‘पेडँटिक’ पर्याय द्यावा लागतो.

टर्बो सीचं काय?

आमच्या कॉलेजात टर्बो सी प्लस प्लस हा जुना कंपायलरच होता आणि प्रोग्रामची सुरुवात ‘व्हॉइड मेन’ अशी (मानकातल्या ‘इंट मेन’ऐवजी) लिहूनच आम्ही शिकलो. पुढे कामावर गेल्यावर ते चूक ठरलं. त्या कंपायलरला ‘मानकबाह्य’ म्हणायचं का?

मानकपूर्व

नाही हो, ते अन्यायाचं होईल. तो १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा, आणि सी प्लस प्लसचं पहिलं आयएसओ मानक १९९८ चं. जे लिहिलंच गेलं नव्हतं त्याच्या बाहेर तो कसा जाईल? ‘मानकपूर्व’ म्हणा. चूक झाली ती मानक आल्यावरही वर्षानुवर्षं तोच शिकवत राहण्यात, आणि त्याचा त्रास मुलांना झाला.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांची आभारी आहे. ‘मानकपूर्व’ तळटीपेत घेते. ‘एक्स्टेन्शन’साठी ‘विस्तार’ लिहिलं होतं, ते खोडून ‘पुस्ती’ केलं; मूळ मजकूर तसाच ठेवून खाली जोडलेलं, हा अर्थ त्यात आपसूक येतो. वाक्य आता असं: ‘कंपायलरकर्ते आपला कंपायलर मानकाला अनुरूप असल्याचा दावा करतात, त्यांनी जोडलेल्या पुस्त्यांनी तो दावा खोटा ठरत नाही, पण त्या पुस्त्या वापरणारा प्रोग्राम मानकाबरहुकूम राहत नाही.’