नोव्हेंबरात उलट्या दिशेने गेलेलं हरिकेन लेनी

गिरगावकर:
१९९९ च्या लेनीबद्दल वाचतोय. कॅरिबियनमधली वादळं पूर्वेकडून पश्चिमेला जातात ना, मग हे उलटं कसं काय गेलं?

सागरवेडा:
हवेच्या वरच्या थरातल्या, पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांनी ढकललं. तिकडचा वादळांचा सीझन ३० नोव्हेंबरला संपतो, म्हणजे अगदी शेपटाला आलं हे, पण पाणी अजून गरम होतं म्हणून १७ नोव्हेंबरला वारे ताशी २५० किमीच्या घरात. खरी गोची वेगळीच, तिकडच्या बऱ्याच बेटांवर बंदरं, होड्या, हॉटेलं पश्चिम किनाऱ्याला कारण ती आडोशाची बाजू, आणि लाटा नेमक्या तिथूनच आल्या. ग्रेनाडा बेट तर वादळापासून शेकडो किमी लांब, तरी किनाऱ्याची वाट लागली. सेंट मार्टिन बेटाजवळ रेंगाळलं ते, पाऊस थांबेचना.

वरळीचा_कोळी:
आपलं ओखी चक्रीवादळ आठवा की, डिसेंबर २०१७. आधी लक्षद्वीपच्या मिनिकॉय, कल्पेनी बेटांवर माड आडवे केले, मग ५ तारखेला मुंबईत शाळा बंद अन् चैत्यभूमीला आलेल्या लोकांचे शिवाजी पार्कात चिखलात हाल. आमच्याकडे होड्या वर ओढलेल्या, म्हावरं कुठलं मिळतंय!

गिरगावकर:
बाप रे. लेनी नाव नंतर बाद केलं का?

सागरवेडा:
हो, वादळांच्या नावांच्या यादीतून काढलं.