विधी ‘करणं’ की विधी ‘करून दाखवणं’?

प्रश्न

एका इंग्रजी नाटकाचं भाषांतर करते आहे आणि दोन आठवडे एका क्रियापदापाशी अडकले आहे. नटांची एक मंडळी एका प्रवेशासाठी आवाहनाचा विधी बसवते. रिंगण, दिवे, मंत्र, सगळं अभ्यास करून. विसाव्या-एकविसाव्या तालमीनंतर त्यातला एक नट रिंगणाबाहेर पाय टाकायला तयार होत नाही. ‘अजून विसर्जन झालेलं नाही,’ एवढंच म्हणतो. पुढे चौकशी होते आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला जातो. मूळ भाषेत त्या प्रश्नातलं क्रियापद ‘परफॉर्म’ आहे. ते नाटकालाही लागतं, विधीलाही लागतं. त्यामुळे ‘हो’ म्हणणारा नट नेमकं काय कबूल करतो आहे, ते शेवटपर्यंत कळत नाही.

मराठीत ‘विधी सादर केला’ लिहिलं की ते नाटक ठरतं. ‘विधी केला’ लिहिलं की कबुली ठरते. दोन्ही अंगांनी वाचता येईल असं काही आहे का?

प्रतिसाद

‘प्रयोग’ आहे की! नाटकाचा प्रयोग असतो तसा मारणाचा, उच्चाटनाचा, वशीकरणाचाही प्रयोगच असतो. तंत्रग्रंथांतल्या षट्कर्मांना, म्हणजे अशा सहा कृत्यांना, लागणारा शब्द हाच, यज्ञाची कृती क्रमवार सांगणाऱ्या पोथ्यांना लागणारा शब्द हाच, आणि नाट्यशास्त्रात नाटक उभं करण्यालाही हाच. ‘जादूचे प्रयोग’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टोपीतून निघणारं कबूतर येतं आणि ‘अघोरी प्रयोग’ म्हटलं की अंगावर काटा येतो. विशेषण बदललं, नाम तेच राहिलं.

हे योगायोगानं झालेलं नाही. नाट्यशास्त्रात नाटकाआधी पूर्वरंग आहे, रंगदेवतांची पूजा आहे, आणि ती पूजा यज्ञाच्या तोलाची असल्याचं स्पष्ट म्हटलं आहे. पूजा न करता जो प्रयोग करेल त्याचं ज्ञान निष्फळ होईल आणि तो पशुपक्ष्यांच्या योनीत जाईल, असंही बजावलं आहे. म्हणजे ज्या ग्रंथानं अभिनयाचं शास्त्र लिहिलं, त्यानंच रंगमंचाला यज्ञभूमीच्या शेजारी बसवलं.

प्रश्नकर्ती

‘प्रयोग’ मलाही सुचला होता, पण चौकशी अधिकारी ‘तुम्ही विधीचा प्रयोग करत होता का?’ असं म्हणेल हे कानाला पटत नाही. तो साधा माणूस आहे. त्याच्या तोंडी रोजचं क्रियापद हवं.

प्रतिसाद

मग ‘करणे’च ठेवा. मला ‘विधी केला’ इतकं एकेरी वाटत नाही.

जरा मुळाशी जाऊ या. चेटकाला आपण ‘करणी’ म्हणतो. त्या शब्दात भूत नाही, देव नाही, मंत्रही नाही. आहे ते नुसतं ‘करणं’. ‘त्याच्यावर कुणीतरी केलंय’ एवढं म्हटलं तरी ऐकणाऱ्याला कळतं. अथर्ववेदातली ‘कृत्या’ याच धातूची. आणि ‘कृत्रिम’ हा शब्दही याच ‘कृ’पासून आला! एका धातूनं खोट्यालाही नाव दिलं आणि जादूलाही. दुसऱ्या भाषाकुळात डोकावलं तरी तेच दिसतं. लॅटिनमध्ये ‘फॅक्तिसियुस’ म्हणजे माणसानं बनवलेलं, कृत्रिम. त्यावरून पोर्तुगीजमध्ये ‘फेइतीसो’ झाला, त्याचा अर्थ मंतरलेली वस्तू, चेटूक. इंग्रजीतला ‘फेटिश’ तिथूनच आला.

मला यातून असं दिसतं की ‘हे बनवलेलं आहे’ हा आपल्याला आज आरोप वाटतो, पण शब्द घडवणाऱ्यांना तो तसा वाटला नसावा. बनवलेलं आहे म्हणून ते खोटं, असं समीकरण त्या शब्दांत नाही. करणी ‘केलेली’च असते, आणि केलेली असते म्हणूनच तिची भीती वाटते.

प्रतिसाद

व्युत्पत्ती मान्य, पण फरक सरळ आहे. नटाची श्रद्धा नसते, विधी करणाऱ्याची असते. मी वीस वर्षं रंगमंचावर काम करतो आहे. तीन वेगवेगळ्या नाटकांत मांत्रिक झालो. एकदाही काही ‘केलं’ असं वाटलं नाही. हार्वर्डमधल्या १९५५ च्या व्याख्यानांत जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञानं हेच मांडलं होतं. काही वाक्यं उच्चारली की कृती घडते, जसं लग्नातली शपथ किंवा जहाजाचं नामकरण. पण तीच वाक्यं नटानं रंगमंचावर म्हटली की पोकळ होतात.

प्रतिसाद

दादा, श्रद्धेवर सीमा आखायला गेलात तर ती हातात राहत नाही. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्वाक्वाकावाक्व लोकांतला केसालिड हा शामन, म्हणजे रोग उतरवणारा मांत्रिक, पाहा. त्याची हकिकत मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांच्या नोंदींतून आली आणि क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी १९४९ मध्ये तिच्यावर लिहिलं. केसालिडचा या विद्येवर विश्वास नव्हता. लबाडी उघडी पाडायची म्हणूनच तो शिकायला गेला. तोंडात पिसाचा पुंजका लपवायचा, जीभ चावून तो रक्तानं माखवायचा आणि रोग्याच्या अंगातून ओढून काढलेला रोग म्हणून बाहेर काढायचा, हे त्याला शिकवलं गेलं. मग एका रोग्याला स्वप्न पडलं की हाच आपल्याला बरं करणार. त्यानं तो विधी केला आणि रोगी बरा झाला! पुढे तो मोठा शामन म्हणून ओळखला गेला.

आता याला कोणतं क्रियापद लावाल? तो सोंग आणत होता, कारण पिसाचं गुपित त्याला ठाऊक होतं. तो विधी करत होता, कारण रोग्याच्या, रोग्याच्या घरच्यांच्या आणि शेवटी धंद्यातल्या इतरांच्या लेखी विधी झाला होता. श्रद्धा करणाऱ्याकडे नव्हती, भोवतालच्यांकडे होती.

उलट बाजूही आहे. रोज तेच मंत्र म्हणणाऱ्या कितीतरी पुरोहितांचं मन त्या वेळी दुसरीकडेच असतं. म्हणून विधी झाला नाही असं कुणी म्हणत नाही.

प्रतिसाद

पुरोहिताचा विषय निघालाच आहे तर पाणिनीकडे वळतो, कारण त्यानं ही सीमा श्रद्धेवर आखलेलीच नाही. काही धातू दोन्ही पदांत चालतात. क्रियेचं फळ कर्त्यालाच मिळणार असेल तर आत्मनेपद, नाहीतर परस्मैपद. काशिका या पाणिनीवरच्या टीकेतलं उदाहरण ‘यजन्ति याजकाः’ असं आहे. पुरोहित यज्ञ करतात, पण फळ यजमानाचं, म्हणून परस्मैपद. यजमान मात्र ‘यजते’. संकल्पात आपण ‘करिष्ये’ म्हणतो, ‘करिष्यामि’ नाही, त्याचं कारणही हेच.

म्हणजे हात पुरोहिताचे, तोंड पुरोहिताचं, आणि तरीही करणारा दुसराच. ‘खरंच केलं का?’ या प्रश्नाला व्याकरणाचं उत्तर आहे, ‘फळ कुणाकडे जातं ते पाहा.’ या मापानं नट पुरोहिताचा सख्खा शेजारी आहे. दोघंही दुसऱ्यासाठी करतात. नटाच्या बाबतीत यजमानाच्या जागी प्रेक्षक बसतो.

तुमच्या नाटकातला तो रिंगणात अडकलेला नट मला इथे वेगळा वाटतो. विसर्जन मागतो आहे, म्हणजे फळ आपल्याकडे येईल असं त्याला वाटू लागलं आहे. तो परस्मैपदातून आत्मनेपदात गेला आहे.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादानं दिवस सार्थकी लागला. मी फक्त एका शब्दजोडीची भर घालते. चांगल्या नटाचं कौतुक करताना आपण ‘परकायाप्रवेश’ म्हणतो. ती योग्याची सिद्धी आहे. ‘भूमिकेत शिरला’ असंही म्हणतो. आणि ‘अंगात आलं’ हे त्याच्या बरोबर उलट दिशेचं आहे. एकात माणूस आत जातो, दुसऱ्यात माणसाच्या आत कुणी येतं. शिवाय ‘त्याच्या अंगात आलं’ या वाक्यात कर्ता बोललेलाच नसतो. काय आलं? नपुंसकलिंगी क्रियापदावर वाक्य थांबतं, नाव घ्यायची जबाबदारी कुणी घेत नाही. सोंग मात्र ‘आणावं’ लागतं, आव ‘आणावा’ लागतो. आणणं आणि येणं, मराठीनं सीमा या दोन क्रियापदांच्या मध्ये आखली आहे.

पण ही सीमा ओलांडली जाते, आणि नेहमी त्याच ठिकाणी: तालीम, ठेका, तीच ती हालचाल. चित्रपटकार माया डेरेन १९४७ मध्ये हैतीला तिथल्या व्होडू या धर्मातल्या नृत्याचं चित्रण करायला गेल्या. तिथे देवता माणसावर ‘स्वार’ होते असं म्हणतात आणि त्या माणसाला तिचा ‘घोडा’. डेरेन यांच्यावरही ती स्वार झाली आणि तो अनुभव त्यांनी १९५३ च्या पुस्तकात लिहिला. चित्रपट मात्र त्यांच्या हातून पुरा झाला नाही.

प्रतिसाद

चौकशीचा प्रसंग आहे म्हणून कायद्याची भाषाही पाहा. इंग्लंडमध्ये आधी चेटूक ‘करणं’ हा गुन्हा होता. १७३५ च्या कायद्यानं तो उलटवला. चेटूक करत असल्याचं ‘भासवणं’ हा गुन्हा झाला, कारण खरं चेटूक असतं हेच कायद्यानं मानायचं सोडलं. १९४४ मध्ये हेलन डंकन या मृतात्म्यांशी बोलण्याचा दावा करणाऱ्या ‘माध्यम’ बाईंना याच कायद्याखाली तुरुंगवास झाला. १९५१ मध्ये त्या जागी नवा कायदा आला आणि त्यात निव्वळ करमणुकीसाठी केलेल्या गोष्टी वगळल्या. करणं, भासवणं, करमणूक करणं. एकाच कृतीसाठी कायद्याला तीन क्रियापदं लागली.

तुमचा अधिकारी कुठल्या काळातला आहे? १९५१ आधीचा असेल तर ‘नाटक होतं’ हे उत्तर बचाव ठरेलच असं नाही.

प्रश्नकर्ती

नाटक १९१० मध्ये घडतं! त्याच वर्षी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये गूढविद्येचे इंग्रज साधक अलिस्टर क्रोली यांनी सात विधी तिकीट लावून लोकांसमोर केले होते. काही महिन्यांपूर्वी खासगीत झालेल्या आवाहनात बोलावलेला आत्मा ज्याच्या अंगात यावा तो माणूस व्हिक्टर न्यूबर्ग हा तरुण झाला होता. तोच सभागृहात प्रेक्षकांसमोर नाचला. नाटककाराच्या डोक्यात हे असणार.

तुमचे प्रतिसाद वाचता वाचता एक सुचलं आहे. ‘करून दाखवणे’. ‘मुलांनी नाच करून दाखवला’ म्हणजे प्रेक्षकांसाठी केला. पण ‘लोक नाही म्हणत होते, तिनं करून दाखवलं’ म्हणजे प्रत्यक्षात घडवलं. एकाच संयुक्त क्रियापदात देखावाही आहे आणि सिद्धीही.

प्रतिसाद

उत्तम! त्याला लागून ‘करून बघणे’ही घ्या. मला वाटतं, तो नट तिथून घसरला आहे. ‘केल्यासारखं करणं’ म्हणजे नाटक, ‘करणं’ म्हणजे विधी, आणि मध्ये ‘करून बघणं’. त्यात श्रद्धा लागत नाही आणि अश्रद्धाही लागत नाही. मंत्रातलं बीजाक्षर मुद्दाम चुकवून म्हणणारा नट एखाद्या तालमीत ते बरोबर म्हणून बघतो, एवढंच.

प्रश्नकर्ती

मूळ प्रवेशात अधिकारी शेवटचा प्रश्न विचारतो तेव्हा तो नट रिंगणातच बसलेला असतो. मसुदा असा झाला आहे:

‘तुम्ही विधी करून दाखवत होता?’
‘हो.’
‘कुणाला?’
(तो रिंगणाच्या मध्याकडे बघतो.)

मूळ नाटकात ‘कुणाला?’ हा प्रश्न नाही. मराठीत ‘दाखवणे’ला कुणीतरी लागतंच, म्हणून तो आपोआप आला. दिग्दर्शकाला विचारून ठेवते आहे.