नोकरी बदलली, फॉर्म १६ दोन: कर पुन्हा का निघतोय?

प्रश्न: २०२४-२५ मध्ये मधेच नोकरी बदलली. नवी करप्रणाली. दोन्हीकडे टीडीएस (पगारातूनच कापला जाणारा कर) कापलाय, तरी पोर्टल आणखी कर मागतंय. चूक कुठे?

उत्तर: चूक पोर्टलची नाही. आधीचा पगार नव्या कंपनीला फॉर्म १२बी भरून कळवला नसेल, तर दोघांनीही स्लॅबचा फायदा आणि ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट आपापली धरलेली असते. रिटर्नमध्ये पगार एकत्र होतात, वजावट एकदाच मिळते. आधी २६एएस (तुमच्या नावे जमा झालेल्या कराचा पोर्टलवरचा उतारा) उघडा आणि दोन्ही टॅनखालचा (कर कापणाऱ्या कंपनीचा क्रमांक) टीडीएस फॉर्म १६ च्या, म्हणजे कंपनीने दिलेल्या पगार-टीडीएस दाखल्याच्या, भाग अ शी ताडून पाहा. पगार मात्र दोन मालकांच्या नावे वेगवेगळाच दाखवा.

उत्तर: उरलेला कर पोर्टलवरच्या 'ई-पे टॅक्स'मधून सेल्फ असेसमेंट (कोड ३००) म्हणून भरा. कर निर्धारण वर्ष (कमाईच्या वर्षानंतरचं वर्ष) २०२५-२६ निवडा. इथे हमखास २०२४-२५ निवडलं जातं, मग भरलेला कर रिटर्नमध्ये दिसत नाही. टीडीएस वजा जाता देणं १०,००० किंवा जास्त असेल तर एप्रिल २०२५ पासून दरमहा १ टक्का व्याज चढतं, अपुरा महिनाही पूर्ण धरतात. म्हणून रिटर्न रेंगाळलं तरी कर आधी भरून टाका.

उत्तर: एआयएसमधलं (पोर्टलवरचं तुमच्या वर्षभराच्या उत्पन्न-व्यवहारांचं विवरण) एफडीचं व्याजही बघा. बँकेने १० टक्केच कापलेलं असतं, तुमचा स्लॅब वरचा असला तर तिथेही फरक निघतो. आणि रिटर्न भरल्यावर त्याचं ई-व्हेरिफिकेशन (ऑनलाइन पडताळणी) ३० दिवसांत करा.

प्रश्नकर्ता: १२बी दिलाच नव्हता. कळलं, आभार.