आरोपींच्या पिंजऱ्यातले गोरे

ब्रिटिश कामगार वसाहतींच्या लुटीत वाटेकरी, त्याच्याकडून आपल्या कामगारांशी कसली एकजूट, असा मुद्दा इथे मांडला गेलाय; तो मला अर्धाच पटला. १८८२ मध्ये मार्क्सचा सहकारी एंगेल्सनेही समाजवादी विचारवंत कौट्स्कीला पत्रातून ब्रिटिश कामगारांबद्दल हेच कळवलं होतं, मान्य. पण मीरत खटल्याचा, म्हणजे ब्रिटिश सरकारने कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवर भरलेल्या कटाच्या खटल्याचा, विषय कुणी काढलाच नाही! मार्च १९२९ मध्ये डांगे, घाटे, मिरजकर यांच्याबरोबर फिलिप स्प्रॅट आणि बेन ब्रॅडली हे इंग्रजही पकडले गेले. ब्रॅडली तर स्वतः कारखान्यातला कामगार. मुंबईत येऊन आपल्या गिरणी कामगारांत मिसळलेला.

गंमत म्हणजे जूनमध्ये लंडनला मजूर पक्षाचं सरकार आलं, तरी खटला चालूच राहिला. तेव्हा 'गोरा कामगार' म्हणताना मजूर पक्षाचा पुढारी की ब्रॅडलीसारखा कारखान्यातला कामगार, ते आधी सांगा. जानेवारी १९३३ ला शिक्षा झाल्या त्यात ब्रॅडली आणि मिरजकरांना सारखीच, दहा-दहा वर्षं. हायकोर्टाने नंतर कमी केली, ते वेगळं.