मदत हवी आहे : हक्कसोडपत्र, वाटणीपत्र, फेरफार यांचा सोप्या भाषेत अर्थ सांगाल का?

नमस्कार मंडळी. माझे आजोबा (आईचे वडील) मृत्युपत्र न करता गेले. सातारा जिल्ह्यात त्यांची वडिलोपार्जित शेती आहे. वारसनोंद होऊन सातबाऱ्यावर आई आणि दोन्ही मामांची नावं लागली. आता मामांनी हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवलाय. त्यात लिहिलंय, 'सदर मिळकतीवरील माझा हक्क व हितसंबंध मी विनामोबदला, राजीखुशीने कायमचा सोडून देत आहे.' आईला यातलं 'कायमचा' खटकतंय. भावांशी वाकडं नको, पण हक्कावर पाणी सोडायलाही मन तयार नाही.

मला एवढं माहीत आहे की हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं. तलाठी 'नुसती फेरफाराची सही' म्हणतात. पण फेरफार ही महसुली नोंद, त्यानं मालकी ठरत नाही ना? फेरफाराच्या नोटिशीनंतर १५ दिवसांत हरकत घेता येते, ती कोण घेऊ शकतं?

वाटणीपत्र केलं तर आईचा हिस्सा वेगळा निघेल का? मसुद्यात फक्त शेतजमिनीचे गट नंबर आहेत. गावातल्या घरावरचा हक्क त्यात धरला जाईल का? एकाच मामाच्या नावे हक्क सोडला तर तो चालतो का?

वकिलाकडे जाणारच आहोत. त्याआधी आईला कागद वाचून कळावा, एवढीच धडपड. अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.